दोन विकरांचे एक प्रथिन : घडण आणि काम तपासण्याची कृती

भाताच्या पेंढ्यातून साखर काढायची तर एका विकराने भागत नाही. सेल्युलोजची लांब साखळी मधूनच तोडायला एंडोग्लुकानेज लागते. तिच्या टोकाकडून दोन-दोन साखरांच्या जोड्या सोडवायला सेलोबायोहायड्रोलेज लागते. या जोड्यांना सेलोबायोज म्हणतात. त्या फोडून सुटे ग्लुकोज करणारे बीटा-ग्लुकोसिडेज हवे, आणि सेल्युलोजला लपेटून बसलेले झायलान कापायला झायलानेज हवे. ही सगळी विकरे वेगवेगळी बनवायची, शुद्ध करायची आणि मग एकत्र ओतायची, यात पैसा जातो. म्हणून दोन विकरांची जनुके एकापुढे एक जोडून दोन्ही कामे करणारे एकच प्रथिन जिवाणूकडून बनवून घेण्याचा विचार पुढे आला.

दिल्लीत या विचाराला फार जवळचे कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणात पराली, म्हणजे शेतात उरलेला पेंढा, पेटते आणि तिचा धूर राजधानीच्या श्वासात येतो. त्याच पट्ट्यात, पानिपतला, इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल अशी त्याची आखणी आहे, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. अशा कारखान्यात विकरांचा खर्च हा कायमच डोकेदुखीचा विषय असतो.

दिल्लीच्या अरुणा असफ अली मार्गावरच्या आयसीजीईबी या आंतरराष्ट्रीय संस्थेत निधी अडलखा, सय्यद शम्स याझदानी आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच करून पाहिले. कापसाच्या बोंडअळीच्या आतड्यात त्यांना पेनिबॅसिलस वंशाचा एक जिवाणू मिळाला. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही अळी शत्रूच, पण वनस्पतीचे ऊतक पचवणारे जिवाणू शोधायला तिच्या पोटाइतकी चांगली जागा क्वचित सापडते. त्या जिवाणूतले एंडोग्लुकानेज, म्हणजे एंडो-५ए, आणि झायलानेज, म्हणजे झायल-११डी, यांचे चार संकर त्यांनी बनवले. ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी त्याच जिवाणूतले बीटा-ग्लुकोसिडेज, ग्लुक-१सी, एंडो-५एला जोडून सहा संकर झाले. त्या दुसऱ्या कामात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, आपल्या जुन्या यूडीसीटीचे, अरविंद लाली आणि त्यांचे सहकारीही होते.

खाली दिलेली कृती याच धर्तीची आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चे पहिले वर्ष करणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. पहिल्या पायरीपासून एक गोष्ट पक्की धरा : संकराची खरी परीक्षा दोन्ही पालक विकरांच्या सममोल मिश्रणासमोर होते. एकट्या पालकापेक्षा संकर सरस निघाला म्हणजे फक्त पूर्वपरीक्षा पास झाली.

पायरी १ : जोडीदार पारखा

दोन्ही विकरे एकाच तापमानाला आणि एकाच सामूला काम करणारी हवीत. एकाला ७० अंश लागतात आणि दुसरे ५० अंशांवरच मान टाकते, तर त्यांना एका साखळीत बांधून उपयोग नाही. एंडो-५ए आणि झायल-११डी दोन्ही ५० अंश सेल्सिअसला आणि ६ ते ७ सामूला सर्वाधिक काम करत होती. ही गोष्ट आधी मोजून मगच दिल्लीच्या गटाने जोडणी केली.

प्रत्येक पालकासाठी तापमान ३० ते ७० अंशांपर्यंत ५-५ अंशांनी आणि सामू ४ ते ९ पर्यंत एकेकाने बदलून काम मोजा. दोन आलेख एकावर एक ठेवा. दोन्ही विकरे आपापल्या कमाल कामाच्या किमान ८० टक्के काम करतात असा पट्टा सापडला तर पुढे जा, नाही तर जोडीदार बदला.

पायरी २ : दुवा आणि क्रम ठरवा

दोन विकरांमध्ये अमिनो आम्लांचा जो छोटा तुकडा घालतात, त्याला प्रयोगशाळेत लिंकर म्हणतात. इथे त्याला दुवा म्हणू. तो फार आखूड असला तर एका जुवाला अगदी खेटून जुंपलेल्या बैलांसारखी अवस्था होते, दोघांची शिंगे एकमेकांत अडकतात. आतली घडी नीट बसत नाही, किंवा एकाचे क्रियाकेंद्र दुसऱ्याच्या अंगाने झाकले जाते. फार लांब झाला तर जिवाणूतली प्रोटिएज विकरे तो तोडून टाकतात.

सर्वांत रुळलेला दुवा म्हणजे चार ग्लायसिन आणि एक सेरीन हा पाच अमिनो आम्लांचा गट, तीनदा. ग्लायसिन लवचीक असते आणि सेरीन पाण्याशी जमवून घेते. २०१२ च्या सहा संकरांमध्ये सर्वांत सरस ठरलेल्या ईजी-५ मध्ये हाच पंधरा अमिनो आम्लांचा दुवा होता : पुढे एंडो-५ए, मध्ये दुवा, मागे ग्लुक-१सी.

क्रमही महत्त्वाचा. कोणते विकर पुढे आणि कोणते मागे यावर सगळे अवलंबून असते, आणि ते कागदावर ठरत नाही. किमान चार रचना करा : क-ख आणि ख-क, प्रत्येकी दुव्यासह आणि दुव्याशिवाय. २०११ चे चार संकर याच प्रकारचे होते. एकच रचना करून ती चालली नाही म्हणून कल्पनाच सोडून देणारे विद्यार्थी पाहिले की वाईट वाटते. दोष नुसता क्रमाचाही असू शकतो.

मूळ जनुकाच्या सुरुवातीला प्रथिन पेशीबाहेर पाठवणारा संकेत-तुकडा असेल तर तो काढून टाका, विशेषतः मागच्या विकराचा. साखळीच्या मध्येच तो राहिला तर गोंधळ होतो. सेल्युलोजला चिकटणारा वेगळा खंड असेल तर तो ठेवायचा की काढायचा हे आताच ठरवा आणि पालकांमध्येही तेच करा. तुलना सारख्याची सारख्याशीच झाली पाहिजे.

पायरी ३ : जनुके जोडा

पहिल्या जनुकाचा थांबा-संकेत काढा. दुव्याचे ४५ बेस दोन्ही बाजूंच्या प्रायमरमध्ये अर्धे-अर्धे घाला आणि एकमेकांवर येणाऱ्या टोकांच्या पीसीआरने जोडणी करा. ग्लायसिनसाठी प्रत्येक वेळी तोच संकेत वापरू नका, त्याचे चारही पर्याय आलटून-पालटून घ्या. पुनरावृत्ती झाली की प्रायमर भलत्या जागी चिकटतो आणि दुवा दहा किंवा वीस अमिनो आम्लांचा होऊन बसतो. जोडलेले जनुक टी-७ प्रवर्तक असलेल्या प्लाझ्मिडमध्ये घाला आणि पूर्ण क्रम वाचून घ्या. फक्त दोन टोके वाचून समाधान मानू नका. चूक नेमकी मध्ये, दुव्यातच असते.

शुद्धीकरणासाठी सहा हिस्टिडिनची शेपटी लागते. जमल्यास एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला स्ट्रेप-टॅग लावा. दोन्ही कॉलममधून पार झालेले प्रथिन टोकापासून टोकापर्यंत अखंड असण्याची खात्री मग बरीच वाढते.

पायरी ४ : प्रथिन बनवून शुद्ध करा

इ. कोलाय बीएल-२१ (डीई-३) मध्ये प्लाझ्मिड घाला. ३७ अंशांवर वाढवा, ६०० नॅनोमीटरवरची घनता ०.६ च्या आसपास आली की तापमान १८ अंशांवर आणा आणि ०.१ ते ०.५ मिलिमोलर आयपीटीजी घालून रात्रभर फिरवा. दोन खंडांचे मोठे प्रथिन ३७ अंशांवर घाईने बनवले की गोळा होऊन खाली बसते. असा गोळा युरियात विरघळवून पुन्हा घडी घालण्याच्या भानगडीत या कामासाठी पडू नका. पुन्हा घडलेल्या प्रथिनाची पालकांशी केलेली तुलना कुणालाच पटत नाही, आणि पटूही नये.

पेशी ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट आणि ३०० मिलिमोलर मीठ असलेल्या बफरमध्ये फोडा. निकेल कॉलमला लावताना २० मिलिमोलर, उतरवताना २५० मिलिमोलर इमिडाझोल वापरा. मग आकारानुसार वेगळे करणारा कॉलम चालवा. दोन्ही पालकांसाठीही हेच सगळे, याच क्रमाने, शक्य तर त्याच आठवड्यात करा.

पायरी ५ : अखंड आहे का ते पाहा

ही पायरी छोटी, पण इथे घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते. एसडीएस जेलवर पालक १, पालक २ आणि संकर शेजारी-शेजारी चालवा. संकराच्या गल्लीत अपेक्षित जागी एक जाड पट्टी दिसली पाहिजे. तिच्याखाली, पालकांच्याच उंचीवर, दोन फिकट पट्ट्या दिसल्या तर दुवा तुटतो आहे असे समजा. मग तुम्ही संकर म्हणून मोजाल ते निदान काही अंशी पालकांचे मिश्रणच असेल. ४ अंशांवर सात दिवस ठेवलेला आणि ५० अंशांवर दोन तास ठेवलेला नमुनाही त्याच जेलवर चालवा. ताजे प्रथिन अखंड असते आणि प्रयोग संपेपर्यंत तुटलेले असते, असेही घडते.

शेवटी वस्तुमानमापकावर अखंड प्रथिनाचे वजन काढा. फरिदाबादच्या जैवतंत्रज्ञान संकुलात, रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीकडे, अशी महागडी यंत्रे बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात.

पायरी ६ : मोलमध्ये मोजा

प्रथिनाची तीव्रता २८० नॅनोमीटरवर, त्याच्या स्वतःच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढलेल्या शोषण गुणकाने मोजा. ब्रॅडफर्ड पद्धतीत रंग प्रथिनागणिक कमी-जास्त चढतो, त्यामुळे ती फक्त ताळ्यासाठी ठेवा.

आता हिशेब. समजा, पालकाचे वजन ४० किलोडाल्टन आहे आणि तो मिलिग्रॅममागे १० युनिट काम करतो. संकर ९० किलोडाल्टनचा आहे आणि मिलिग्रॅममागे ५ युनिट करतो. मिलिग्रॅमच्या हिशेबाने संकराचे काम निम्म्यावर आले. पण पालकाचा एक मायक्रोमोल म्हणजे ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० युनिट. संकराचा एक मायक्रोमोल म्हणजे ९० मिलिग्रॅम, म्हणजे ४५० युनिट. रेणूमागे काम आठव्या हिश्श्याने वाढले. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण असा उलटा-सुलटा निष्कर्ष निघणे अगदी शक्य आहे. दिल्लीच्या गटाने २०१२ मध्ये काम मोलच्या हिशेबातच सांगितले : ईजी-५ चे बीटा-ग्लुकोसिडेजचे काम एकट्या ग्लुक-१सीच्या ३.२ पट आणि एंडोग्लुकानेजचे काम एकट्या एंडो-५एच्या २ पट.

पायरी ७ : घडीची पहिली तपासणी

स्फटिकांच्या मागे लागण्याआधी एका दिवसात होणारे काम करा.

पहिले, संगणकावरचा अंदाज. २०११ मध्ये आय-टॅसर हा सर्व्हर वापरला गेला होता. त्याचा सी-स्कोअर उणे ५ ते अधिक २ यांच्या दरम्यान असतो आणि जितका वर तितका विश्वास जास्त. चारही संकरांत दुवा असलेला, पुढे एंडो-५ए आणि मागे झायल-११डी असा संकर त्यात वर आला होता. आज बहुतेक जण अल्फाफोल्ड वापरतात. ते जरूर वापरा, पण नुसते रंगीत चित्र पाहून थांबू नका. प्रत्येक खंडाची घडी सहसा उत्तम येते, दुव्याचा भाग अविश्वासाच्या रंगात दिसतो, आणि दोन खंड एकमेकांच्या तुलनेत कुठे आहेत हे सांगणारा संभाव्य त्रुटींचा तक्ता अनेकदा सांगतो की ते निश्चित नाही. दोन क्रियाकेंद्रे एकमेकांकडे तोंड करून आहेत असे चित्रात दिसले, तर त्या चित्रावरून काहीच सिद्ध होत नाही. हे ठासून सांगायला हवे, कारण हल्ली प्रबंधांत असे चित्र पुरावा म्हणून छापलेले दिसते.

दुसरे, वर्तुळी द्विवर्णता, म्हणजे सीडी. प्रथिन १० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये आणा. मीठ आणि इमिडाझोल पूर्ण घालवा, कारण २०० नॅनोमीटरच्या खाली ते स्वतःच प्रकाश शोषतात. तीव्रता मिलिलिटरला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, एक मिलिमीटरची क्वार्ट्झ कुपी, १९० ते २६० नॅनोमीटर, तीन वाचनांची सरासरी, त्यातून बफरचे वाचन वजा. अल्फा-सर्पिले जास्त असतील तर २०८ आणि २२२ वर दोन खळगे दिसतात, बीटा-पट्टे जास्त असतील तर २१७ च्या आसपास एक.

इथे करायची खास गोष्ट अशी : दोन्ही पालकांचे वर्णपट त्यांच्या अमिनो आम्लांच्या संख्येच्या प्रमाणात भारून बेरीज करा आणि तो आलेख संकराच्या आलेखावर ठेवा. दोन्ही एकमेकांवर बसले तर खंडांच्या घड्या जोडणीने बिघडलेल्या नाहीत. एंडो-५ए आणि झायल-११डीसारख्या जोडीत ही तपासणी फार बोलकी ठरते, कारण पाचव्या कुळातली विकरे सर्पिले आणि पट्टे आलटून-पालटून असलेल्या पिंपासारखी असतात, तर अकराव्या कुळातली जवळजवळ नुसत्या पट्ट्यांची. कोण बिघडले हे आलेखाच्या आकारावरून बरेचसे कळते.

तिसरे, उष्णतेने उलगडणे. २२२ नॅनोमीटरवर नजर ठेवून मिनिटाला १ अंश या वेगाने २० पासून ९० अंशांपर्यंत जा. दोन खंड वेगवेगळ्या तापमानाला उलगडत असतील तर वक्रात दोन पायऱ्या दिसतात. त्या स्पष्ट नसतील तर वक्राचे अवकलन काढा. ईजी-५ मध्ये जोडणीमुळे दोन्ही खंड पूर्वीपेक्षा जास्त उष्णता सोसू लागले, एक ५ अंशांनी आणि दुसरा ९ अंशांनी. हा आकडा लक्षात ठेवा, नवव्या पायरीत त्याचा संबंध येईल.

पायरी ८ : काम मोजा

सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांचे काम मोजण्याची जगभर वापरली जाणारी रीत दिल्लीतच लिहिली गेली. आयआयटी दिल्लीचे तरुणकुमार घोष यांनी आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या, म्हणजे आययूपॅकच्या, वतीने १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली. ५० मिलिग्रॅमचा, १ बाय ६ सेंटिमीटरचा व्हॉटमन क्र. १ कागदाचा तुकडा, ५० अंश, ६० मिनिटे, ही फिल्टर-पेपर परीक्षा तिथलीच. देश-परदेशातल्या विकरांच्या डब्यांवर दिसणारे फिल्टर-पेपर युनिट याच मापाचे.

एंडोग्लुकानेजसाठी २ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे ०.५ मिलिलिटर द्रावण घ्या, त्यात योग्य पातळ केलेले विकर ०.५ मिलिलिटर घाला, ५० अंशांवर ३० मिनिटे ठेवा. मग ३ मिलिलिटर डीएनएस, म्हणजे डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाचे द्रावण, घालून उकळत्या पाण्यात बरोबर पाच मिनिटे धरा, थंड करा, २० मिलिलिटर पाणी घाला, ५४० नॅनोमीटरवर वाचा. मूळ रीतीत बफर ४.८ सामूचा आहे, कारण ती बुरशीच्या विकरांसाठी बेतली होती. बोंडअळीतल्या जिवाणूची विकरे ६ ते ७ सामूला कामाची, तेव्हा बफर बदला आणि बदलल्याचे लिहून ठेवा. झायलानेजसाठी हेच, फक्त १ टक्का झायलान आणि झायलोजचा प्रमाण-आलेख.

डीएनएस घरी करायचे तर १ ग्रॅम डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल २० मिलिलिटर २ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मंद आचेवर विरघळवा. ३० ग्रॅम सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट ५० मिलिलिटर पाण्यात वेगळे विरघळवून त्यात घाला, १०० मिलिलिटर करा, तपकिरी बाटलीत ठेवा. दिल्लीच्या जानेवारीत, खोलीचे तापमान दहा-बारा अंशांवर आले की, बाटलीच्या तळाशी स्फटिक धरू शकतात. वरचे पाणी तसेच उचलून वापरले तर आठवड्याभराचे आकडे आधीच्यांशी जुळत नाहीत. बाटली कोमट पाण्यात ठेवून स्फटिक पूर्ण विरघळू द्या, हलवा, मगच उचला. दर वेळी नवा प्रमाण-आलेख काढा. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे द्रावण चिकट असते, पिपेटचे टोक कापून रुंद करा आणि सावकाश ओढा.

विकराची चार-पाच वेगवेगळी पातळ द्रावणे चालवा. निर्माण झालेली साखर विकराच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढते तेवढाच भाग धरा. रेषा वाकली की वेग मोजला जात नाही, उरलेल्या सेल्युलोजचा हिशेब सुरू होतो.

बीटा-ग्लुकोसिडेजसाठी पॅरा-नायट्रोफिनाइल ग्लुकोसाइड वापरा. १ मोलर सोडियम कार्बोनेट घालून थांबवा, पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर वाचा. हा पदार्थ सोयीचा, पण पेंढ्यात तो नसतो. म्हणून खऱ्या सेलोबायोजवरही, ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजच्या संचाने, काम मोजाच.

आता एक सापळा. डीएनएस साखळीची मोकळी टोके मोजते. सेलोबायोजला असे एक टोक, फोडल्यावर दोन ग्लुकोजची दोन टोके. म्हणजे एंडोग्लुकानेज आणि बीटा-ग्लुकोसिडेजच्या संकरात डीएनएसचा आकडा वाढला तरी एंडोग्लुकानेज जास्त जोमाने काम करते आहे असे होत नाही. दुसऱ्या खंडाने पहिल्याच्याच उत्पन्नाची टोके वाढवलेली असतात.

पायरी ९ : मिश्रणासमोर उभे करा

या प्रयोगासाठी पाच नळ्या घ्या. पहिलीत पालक १, दुसरीत पालक २, तिसरीत दोन्ही पालक सममोल, चौथीत संकर तितकेच मोल, पाचवीत विकराऐवजी बफर. प्रत्येकीचे तीन संच करा. ५, १०, २०, ४०, ६० मिनिटांनी नमुना काढा, उकळून थांबवा आणि एचपीएलसीवर सेलोबायोज व ग्लुकोज वेगवेगळे मोजा.

चौथी नळी तिसरीच्या पुढे गेली तर कारण शोधा. तीन शक्यता आहेत. पहिली, मधले उत्पादन एका खंडाकडून दुसऱ्याकडे लगेच जाते, बाहेरच्या पाण्यात पसरण्याआधी. दुसरी, संकर ५० अंशांवर जास्त टिकतो, म्हणून तासाभराने पुढे दिसतो. तिसरी, जोडणीने एखाद्या खंडाचा स्वतःचा वेगच वाढला आहे. ईजी-५ ने क्षार-प्रक्रिया केलेल्या पेंढ्यावर आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजवर सुट्या मिश्रणाच्या दुप्पट उत्पादन दिले आणि गटाने त्यात पहिल्या शक्यतेचा आधार पाहिला. माझ्या मते आज हे काम करणाऱ्याने तिन्ही शक्यता वेगळ्या काढण्याची तयारी सुरुवातीपासून ठेवावी, कारण त्याच संकराची उष्णता सोसण्याची ताकदही वाढलेली होती.

टिकाऊपणाचा वाटा काढायचा तर हाच प्रयोग ३७ अंशांवर करा, जिथे कुणीच उलगडत नाही. शेजारीपणाचा, म्हणजे पहिल्या शक्यतेचा, वाटा काढायचा तर तिन्ही प्रथिनांची तीव्रता दहापट, मग शंभरपट कमी करा. मिश्रणात विकर विरळ झाले की मधले सेलोबायोज दुसऱ्या विकराला सापडायला वेळ लागतो आणि ग्लुकोज दिसायला उशीर होतो. संकरात हस्तांतर खरोखर होत असेल तर तो उशीर कमी असतो, म्हणजे विरळ करत गेल्यावर संकराची आघाडी वाढली पाहिजे.

सर्वांत पक्का पुरावा मेलेल्या खंडाचा. पहिल्या, पाचव्या आणि अकराव्या, तिन्ही कुळांत क्रियाकेंद्रात दोन ग्लुटामेट असतात. बीटा-ग्लुकोसिडेज खंडातले एक ग्लुटामेट बदलून तो खंड निकामी केलेला संकर बनवा आणि त्याच्याबरोबर सुटे बीटा-ग्लुकोसिडेज सममोल घाला. घडी तीच, वजन तेच, टिकाऊपणा जवळजवळ तोच, फक्त शेजारी काम करणारा नाही. याचा वेग मूळ संकराइतकाच आला तर शेजारीपणाचा दावा सोडून द्या.

एंडो-५ए आणि झायल-११डीच्या जोडीला यातले हस्तांतर लागूच नाही, कारण एकाचे उत्पादन दुसऱ्याचे खाद्य नसते. तिथे फायदा असेल तर झायलानचा पडदा बाजूला होताच त्याच जागी सेल्युलोज कापणारा हजर असतो एवढाच. तो विद्राव्य पदार्थांवर दिसणार नाही, त्यासाठी पेंढाच हवा.

पायरी १० : पेंढ्यावर चालवा

पेंढा वाळवा, दळा, चाळा. १० टक्के पेंढा १ ते २ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर अर्धा तास. यात लिग्निनचा मोठा भाग आणि भाताच्या पेंढ्यात भरपूर असलेली वाळू, म्हणजे सिलिका, निघून जाते. सामू सातावर येईपर्यंत धुवा, कमी तापमानावर वाळवा, आणि वापरण्याआधी ओलावा मोजा. ओलाव्याचा हिशेब चुकला तर टक्केवारी सगळी चुकते.

५ टक्के पेंढा, ०.०२ टक्के सोडियम अझाइड, ५० अंश, मिनिटाला १५० फेरे, ४८ तास. अझाइड विषारी आहे, हातमोजे घाला आणि ते आम्लात जाऊ देऊ नका. नवव्या पायरीतल्या पाच नळ्या इथे पाच फ्लास्क होतात. एकाच पोत्यातला पेंढा सगळ्यांसाठी वापरा, कारण दोन शेतांतल्या पेंढ्यात दोन विकरांइतका फरक निघतो.

पायरी ११ : जिंकलेल्याचीच घडण काढा

सगळ्या संकरांचे स्फटिक करायला बसू नका. पेंढ्यावर सरस ठरलेला एकच घ्या. मिलिलिटरला सुमारे १० मिलिग्रॅम तीव्रता, बैठ्या थेंबाच्या ९६ खान्यांच्या थाळ्या, १८ ते २० अंशांचे इन्क्युबेटर. थाळ्या टेबलावर उघड्या ठेवू नका. दिल्लीत एप्रिल ते जून दरम्यान वीज गेली आणि वातानुकूलन थांबले की खोली तासाभरात दहा अंशांनी चढू शकते, आणि थेंब ते सोसत नाहीत.

लवचीक दुव्याचे प्रथिन स्फटिकात बसायला नाखूश असते. स्फटिक आलेच तर आनंद करण्याआधी एक स्फटिक उचला, ताज्या द्रावणात तीनदा धुवा, विरघळवा आणि जेलवर चालवा. थेंबात आठवडे काढताना दुवा तुटतो आणि एकट्या खंडाचे स्फटिक होतात, हे या क्षेत्रात नेहमीचे आहे. जेलवर पूर्ण उंचीची पट्टी दिसली तरच पुढे जा. क्ष-किरणांसाठी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिन स्फटिकांची स्वतंत्र किरणरेषा आहे. विदा मिळाली की दोन्ही खंड वेगवेगळे शोधा, जोडलेले प्रतिमान एकसंध ठेवून शोधू नका.

स्फटिक नाहीच आले तर लहान कोनात विखुरणारे क्ष-किरण, म्हणजे सॅक्स, वापरा. अणूंची जागा त्यातून कळणार नाही, पण द्रावणात संकर ताणलेला असतो की दोन खंड एकमेकांना बिलगून असतात हे कळते, आणि या प्रश्नासाठी तेच हवे असते. १ ते ५ मिलिग्रॅमच्या तीन-चार तीव्रतांवर मोजा. तीव्रतेबरोबर आकार वाढताना दिसला तर प्रथिने गोळा होत आहेत, ती विदा टाकून द्या.

पायरी १२ : बाजारच्या मिश्रणात घाला

कारखाना एकटा संकर कधीच वापरणार नाही. तो बाजारातले तयार मिश्रण वापरतो, आणि प्रश्न एवढाच असतो की तुमच्या प्रथिनाने त्यात काही भर पडते का. ईजी-५ घातल्यावर बाजारच्या मिश्रणातून सुटणारी साखर लक्षणीय वाढली होती. हा प्रयोग करताना नुसती भर घालू नका, तेवढे मिश्रण कमी करा. एका फ्लास्कमध्ये १०० टक्के बाजारचे मिश्रण, दुसऱ्यात ९० टक्के ते आणि १० टक्के संकर, तिसऱ्यात ९० टक्के ते आणि १० टक्के सुटे पालक, चौथ्यात ९० टक्के ते आणि १० टक्के कामाशी संबंध नसलेले बोव्हाइन अल्ब्युमिन. अल्ब्युमिन लिग्निनला चिकटून बसते, विकर तिथे वाया जाणे वाचवते आणि तेवढ्यानेही साखर वाढते, म्हणून चौथा फ्लास्क गाळू नका. आणि इथे टक्के वजनाचे धरा, मोलचे नव्हे. आतापर्यंत आपण रेणू मोजत होतो, पण पानिपतचा खरेदी अधिकारी विकर किलोने घेतो.